तीनशे साठ भोकं

तौनो उलिकोस्की भट्टी आणायला शहरात निघाला तेव्हा त्याची बायको हिल्क्का दारातूनच म्हणाली, "लहान बघ हं. घसरगाडीवर घालून दोघांना ओढता येईल अशी."

संध्याकाळी तौनो परत आला तो एकशे चाळीस किलोची भट्टी घेऊन. वर टाकायचे दगड वेगळे, ते आणखी ऐंशी किलो. हिल्क्काने भट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि ती बटाटे सोलायला आत निघून गेली. तिच्या माहेरी, सावो प्रांतात, याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

भट्टी जायची होती लेपासारी बेटावर. तिथे हिल्क्काच्या वडिलांचं लाकडी घर होतं, आणि पाण्याच्या कडेला त्यांनी स्वतः बांधलेली सौना, म्हणजे भट्टीवर दगड तापवून वाफेत अंघोळ करायची खोली. वडील गेल्यावर ते अर्धं हिल्क्काकडे आलं आणि अर्धं तिच्या भावाकडे, आहतीकडे. गेल्या उन्हाळ्यात जुन्या भट्टीचा तळ गळून पडला आणि अख्खा मोसम सौनेवाचून गेला. हिल्क्का प्लास्टिकच्या टबात अंघोळ करायची आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. शरद ऋतूत आहती येऊन बसला. कुओपिओत त्याचं चपलाबुटांचं दुकान होतं आणि बोलण्यात तो फार सैल नव्हता. "सौना नाही ते घर नाही, लाकडाची वखार आहे," तो म्हणाला. "हेलसिंकीचा एक माणूस मागतोय. ईस्टरच्या शनिवारी मी येतो. बाबांच्या सौनेत बसता आलं तर ठेवू. नाहीतर विकू."

त्या रात्री हिल्क्का झोपली नाही हे तौनोला कळलं. सकाळी तो म्हणाला, "मी आणतो भट्टी. माझ्यावर सोड." चौतीस वर्षांच्या संसारात तौनोवर सोडलेल्या गोष्टींची एक यादी हिल्क्काच्या मनात होती. ती तिने वाचून दाखवली नाही, एवढी ती बरी.

घरची होडी म्हणजे दोन माणसं आणि एक कुत्रं. त्यात भट्टी घातली तर भट्टी पोचली असती, पण तळाशी. तेव्हा तळं गोठलेलं असताना, बर्फावरून, गाडीत घालूनच न्यायला हवी होती. अंतर दीड किलोमीटर. आणि गाडी म्हणजे कसली, तौनोचा जीव की प्राण. तौनो वजनमापे निरीक्षक होता. नोकरीभर त्याने याच बंद गाडीत प्रमाण वजनं घालून दुकानोदुकानी तराजू तपासले. त्याला पाहून खाटीक काट्यावरचा अंगठा उचलायचे. निवृत्त झाल्यावर खात्याने गाडी भंगारात काढली ती त्याने घेतली. बाजूवरची खात्याची अक्षरं पुसट झाली होती, पण तो ती दर रविवारी पुसायचा, चकचकीत करायचा.

प्रश्न एकच होता: बर्फ धरेल का?

तौनो पश्चिम किनाऱ्याकडचा. तिकडे सपाट जमीन आणि सपाट बोलणं. विचारलं की हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. सावोत असं तोंडावर हो किंवा नाही म्हणणं अडाणीपणाचं समजतात. निवृत्तीनंतर सहा वर्षं तो इथे राहत होता, तरी हे त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. जानेवारीत तो शेजारच्या उर्पोकडे गेला. उर्पो गोठ्यात बर्फावर पळवायच्या स्कूटरचं इंजिन उघडून बसला होता. ते इंजिन नोव्हेंबरपासून उघडं होतं.

"उर्पो, तळं गाडी धरेल का?"

"धरायचं मनात असेल तर धरेल."

"तू काल ट्रॅक्टर घेऊन गेलास ना वरून?"

"गेलो की."

"मग धरतंय."

"काल धरलं बाबा. आजचं मी कसं सांगू, आज मी गोठ्यात आहे."

तौनोने कपाळाला हात लावला आणि तो लेम्पीमावशीकडे गेला. लेम्पीमावशी चौऱ्याऐंशी वर्षांची. रोज पायाने ढकलायची घसरखुर्ची घेऊन तळ्यावर जायची, भोक पाडायची आणि त्याच खुर्चीवर बसून मासे धरायची. सत्तर हिवाळे तिने त्या बर्फावर काढले होते. तिला माहीत नसेल तर कुणाला असणार?

"मी सांगितलं आणि तू बुडालास," मावशी म्हणाली, "तर गाव म्हणेल लेम्पीने सांगितलं होतं."

"बरं, नुसता सल्ला दे."

"आमचे हे बर्फावर गाडी घालताना खिडकी उघडी ठेवायचे. पट्टा लावायचे नाहीत."

"मग?"

"मग सर्दी व्हायची त्यांना."

शेवटी त्याने तालुक्याच्या कचेरीत फोन केला. सरकारी माणसाला सरकारी माणूसच कळतो, असं त्याला आपलं वाटलं. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती. ती म्हणाली, तळ्याच्या बर्फावर गाडी न्यायला परवानगी लागत नाही.

तौनो हादरला. परवानगी लागत नाही याचा अर्थ परवानगी देणाराही कुणी नाही, आणि देणारा नाही म्हणजे बर्फाला सरकारदरबारी वाली नाही. "असं लेखी द्या," तो म्हणाला.

"काय लेखी द्या?"

"की परवानगी लागत नाही."

"लागत नाही त्याचं कसं लेखी देणार?"

"तुम्ही अर्जाचा नमुना पाठवा, मी भरतो."

तसा नमुना नव्हता. तो तयार करण्यावर कचेरीत विचार झाला, आणि तीन आठवड्यांनी सहीशिक्क्याचं पत्र आलं की सदर विषयात पत्राची आवश्यकता नाही. तौनोने ते फाइलला लावलं. तोवर फेब्रुवारी अर्धा सरला होता, बर्फ चांगला दणदणीत झाला होता, आणि गावातल्या तिघांनी आपापल्या गाड्या बेटापलीकडे नेऊन आणल्या होत्या. "उगाच अंदाजपंचे गेले," तौनो म्हणाला. "नशिबाने वाचले."

आता तो स्वतः मोजणार होता. उंच गिरमिट, खाचेची पट्टी, वही आणि गळ्यात अडकवलेली पेन्सिल, कारण थंडीत पेनाची शाई गोठते. दर पंचवीस मीटरवर एक भोक. प्रत्येक भोकात काळा बर्फ किती, पांढरा किती, हे वेगळं लिहायचं. काळा म्हणजे पाण्याचाच गोठलेला, घट्ट, काचेसारखा आरपार. पांढरा म्हणजे भिजलेल्या भुसभुशीत हिमाचा झालेला, तो हिशेबात अर्धाच धरायचा. तौनोने गाडीचं वजन काढलं, भट्टीचं काढलं, दगडांचं काढलं, आणि स्वतःचं दोनदा काढलं, बूट घालून आणि बूट काढून.

साठ भोकं झाली. तेव्हा उर्पो कुंपणापाशी येऊन म्हणाला, "ही डाव्या चाकांची झाली."

"म्हणजे?"

"काही नाही. गाडीला उजवीकडेही चाकं असतात, एवढंच मनात आलं."

मग उजवीकडे साठ. मग तौनोला रात्री अंथरुणात वाटलं की भट्टी तर गाडीच्या मधोमध असणार, तेव्हा मधली रांगही हवी. अशी झाली एकशे ऐंशी. खांदा दुखायला लागला, हिल्क्काने कापूर घातलेलं तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता विचारलं, "पहिली रांग कधी मोजलीस रे?"

"सतरा फेब्रुवारीला."

"आणि आज काय तारीख?"

आठ मार्च होती. जुन्या मोजणीवर सही करणं तौनोच्या रक्तात नव्हतं. आयुष्यभर ज्याने खाटकांना शिळ्या शिक्क्यांसाठी दंड केला तो आपल्या बर्फाला सूट कशी देणार? त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, थोडी बाजूला. हिल्क्काला आपल्या तोंडाचा पस्तावा झाला, पण सांगून ऐकणारातला तो नव्हता. मार्चअखेर भोकं भरली तीनशे साठ.

एवढ्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. तयार भोक दिसल्यावर गिरमिट कोण फिरवतो? लेम्पीमावशीने पहिल्याच आठवड्यात सोळा नंबरचं भोक धरलं. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग गिरणीवाले दोघे भाऊ आले, मग शेजारच्या गावातून लोक गाड्या घेऊन यायला लागले. कॉफीचे थर्मास, माशांच्या बादल्या, घडीच्या खुर्च्या. भोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर, म्हटल्यावर भांडणही नाही. रात्री गोठलेलं भोक लोक सकाळी स्वतःच फोडून साफ ठेवायचे. तौनो वही घेऊन त्यांच्यातून जाताना ते अदबीने पाय आखडून घ्यायचे. "साहेबांचं तळं," असं गिरणीवाला म्हणाला ते तौनोने ऐकलं आणि संध्याकाळी हिल्क्काला सहज म्हणून दोनदा सांगितलं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी ढीगभर हिम पडलं. बुधवारी आभाळ निवळलं आणि तौनोने जाहीर केलं, आज. सर्वात कमी जाडी अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, त्यात काळा तेहतीस. ही गाडी सोडा, त्याच्या हिशेबाने तिच्यासारख्या दोन गेल्या असत्या. उर्पोच्या गोठ्यातल्या कप्पीने भट्टी उचलून गाडीत घातली. खिडकी उघडी, पट्टा मोकळा, वेग माणसाच्या चालीचा. किनाऱ्यावर हिल्क्का हाताची घडी घालून उभी होती. तौनोने तिला हात केला. तेवढ्यासाठी गाडी थांबवायला नको म्हणून त्याने मान मात्र समोरच ठेवली.

पाचशे मीटर झाले. सातशे झाले. मासेवाले बाजूला सरून पाहत होते. आठशे मीटरवर पुढची चाकं एकदम खाली बसली. तौनोला वाटलं, गेलो. दार उघडून त्याने उडी मारली आणि तो उभा राहिला तो घोटाभर पाण्यात, पण पाण्याखाली बर्फ होता, टणक, जिथल्या तिथे. गाडी बुडाली नव्हती, पांढऱ्या हिमाखाली लपलेल्या बर्फाच्या लापशीत अर्ध्या चाकांपर्यंत रुतली होती.

"मावशी, हे पाणी कुठून आलं?"

लेम्पीमावशी दहा पावलांवर गळ टाकून बसली होती. "भोकांतून," ती म्हणाली.

"कुठल्या भोकांतून?"

"तुझ्याच. वरून हिमाचं वजन आलं की बर्फ दबतो. दबला की पाणी वर येतं. भोक असेल तर येतं."

"हे तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे, दरवर्षीच येतं कुठे ना कुठे."

तौनोचा आवाज चिरकला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू जाडी विचारलीस रे," मावशी समजुतीने म्हणाली. "ओलं आहे का हे कुठे विचारलंस?"

उर्पोचा ट्रॅक्टर ओढायला आला, पण लापशीच्या कडेलाच त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि तो मागे गेला. रात्री उणे चौदा झालं. सकाळी चारही चाकं सिमेंटमध्ये बसवल्यासारखी पक्की. तौनोने नाइलाजाने अग्निशामक दलाला फोन केला.

"कुणी पाण्यात आहे का?" तिकडून विचारलं.

"नाही."

"बर्फ फुटलाय का?"

"अजिबात नाही," तौनो दुखावल्या स्वरात म्हणाला. "अठ्ठेचाळीस सेंटिमीटर आहे."

"मग अडचण काय आहे?"

तौनोला ती एका वाक्यात सांगता येईना. पलीकडच्या माणसाने त्याला ईस्टरच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

गुरुवार आणि शुक्रवार उर्पो, तौनो आणि गिरणीवाले भाऊ कुऱ्हाडींनी चाकांभोवती फोडत होते. दोन चाकं सुटली, तोवर संध्याकाळ झाली, आणि सकाळी तीच दोन पुन्हा अडकली. भट्टी उतरवून न्यावी म्हटलं तर चढवताना कप्पी लागली होती. तळ्याच्या मध्यावर कप्पी टांगायची कशाला, आभाळाला? तौनोचे हात फुटले होते. शुक्रवारी जेवताना त्याने चमचा खाली ठेवला आणि तो म्हणाला, "हिल्क्का, माझ्यामुळे तुझं घर जातंय."

"गप जेव," हिल्क्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

शनिवारी अकराला आहती आला. बगलेत विक्रीच्या कागदांचं पाकीट. तिघं चालत तळ्यावर गेली. उर्पो आधीच तिथे होता. आहतीने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं पाहिली, रांगांच्या रांगा पसरलेली भोकं पाहिली, मासेवाल्यांची जत्रा पाहिली. "हं," तो म्हणाला. मग बेटाकडे पाहत पाकीट उघडायला लागला.

"कुओपिओहून एवढा आलास," हिल्क्का म्हणाली, "तर अंघोळ तरी करून जा."

"कुठे?"

"भट्टी आहे. दगड आहेत. लाकडं आणते. गाडीला भिंती आहेत, दार आहे. आणखी काय लागतं सौनेला?"

आहती विचारात पडला. कागद बाजूला ठेवता येतात, पण तापणाऱ्या सौनेला नाही म्हणणारा माणूस त्या देशात अजून जन्माला यायचाय.

"धुराडं लागतं," उर्पो म्हणाला.

सगळ्यांनी गाडीच्या टपाकडे पाहिलं आणि मग तौनोकडे. तौनोने त्या पुसट अक्षरांवरून हात फिरवला. अख्खी नोकरी. या गाडीत त्याने कधी ओली छत्रीसुद्धा ठेवू दिली नव्हती. त्याने खिशातून पट्टी काढली, भट्टीबरोबर आलेल्या धुराड्याच्या नळीचा व्यास मोजला, पुन्हा मोजला, टपावर चढून पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि उर्पोने आणलेली पत्रा कापायची कात्री स्वतःच हातात घेतली. कापताना त्याने एकदाही मान वर केली नाही. हिल्क्का मात्र सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती, आणि चौतीस वर्षांत तिला आपला नवरा इतका आवडला नव्हता.

दीड तासात दगड तापले. आहती, तौनो आणि उर्पो फळीवर गुडघ्याला गुडघे लावून बसले. तौनोने पाणी टाकलं. वाफ उठली, पत्र्याच्या भिंतींवरून फिरून मानेवर आली. आहतीच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"बाबा डावीकडे बसायचे," तो म्हणाला.

एवढंच. तौनोने आणखी एक पळीभर पाणी टाकलं.

बाहेर हिल्क्का भट्टीवर तापलेलं पाणी बादलीने आणून चाकांवर ओतत होती. एप्रिलची दुपार, डोक्यावर ऊन, आतून भट्टीची धग. चौथ्या बादलीला गाडी करकरली आणि एका बाजूला हलली. "तौनो," हिल्क्का ओरडली, "इंजिन."

तौनो पंचा गुंडाळलेला तसाच पुढच्या सीटवर बसला. इंजिन लागलं. उर्पो आणि आहती पंचे आणि बूट एवढ्यावर मागून भिडले, हिल्क्काने खांदा लावला, गिरणीवाले भाऊ गळ सोडून धावत आले. चाकं फिरली, लापशी उडाली, आहती मांडीपर्यंत भिजला आणि त्याने त्या दिवसातलं सर्वात लांब वाक्य उच्चारलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी उठली ती थांबलीच नाही. टपातून धूर सोडत, माणसाच्या चालीने, वाफाळत्या उघड्या पाठी मागे घेऊन ती बेटाच्या दिशेने निघाली.

"धरलं तर," लेम्पीमावशी मागे कुणालातरी म्हणाली.

किनाऱ्यावर, वडिलांच्या सौनेपाशी, गाडी उभी राहिली. भट्टी विझवून निवेपर्यंत कपडे चढवून ते कॉफी प्यायले. मग ओंडके लावून, घसरवत, सहा जणांनी ती गाडीतून उतरवली आणि दारापाशी नेली. तिथे ती अडकली. आडवी करून पाहिली, तिरपी करून पाहिली. आहतीने भट्टीच्या कडेपासून चौकटीपर्यंत हात लावला.

"चार बोटं," तो म्हणाला. "दार चार बोटं अरुंद आहे."

तौनोने बर्फ तीनशे साठ ठिकाणी मोजला होता, गाडी मोजली होती, दगड मोजले होते, बूट मोजले होते. दार मोजलं नव्हतं. कुणी हसलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. हिल्क्का पायरीवर बसली. ऊन उतरायला लागलं होतं, शनिवार संपत आला होता, आणि बाबांच्या सौनेत अजून कुणीही बसलेलं नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं नाही.

आहती पाकीट बगलेत घेऊन लाकडाच्या शेडमध्ये गेला. आत बराच वेळ खडखड झाली. तो बाहेर आला तेव्हा पाकीट त्याच्याकडे नव्हतं. हातात बाबांची जुनी करवत होती. त्याने अंगठ्याने दात तपासले, चौकटीला पाय लावला, आणि तौनोकडे वळला.

"पट्टी काढ," तो म्हणाला. "कुठवर कापायचं, खूण कर."